शांतवन महाराजांचे घोंगडे

पळसगव्हाण हे नगरकडच्या माळरानातले एक लहानसे गाव. गावाच्या उगवतीला ख्रिस्ती लोकांची वस्ती होती. वस्तीच्या टोकाला पांढऱ्या मातीचे बुटके देऊळ आणि देवळाच्या भिंतीला टेकून एक झोपडी होती. त्या झोपडीत शांतवन महाराज राहत असत. सामान म्हणाल तर एक एकतारी, एक पितळी तांब्या आणि खुंटीला अडकवलेले एक घोंगडे. ते घोंगडे कधीकाळी काळेभोर होते असे महाराज सांगत, आणि महाराज सांगतात म्हणूनच लोक ते मानत.

महाराज फार शिकलेले नव्हते. भजनाला बसले की त्यांचे सांगणे फिरून फिरून एकाच गोष्टीवर येई.

"बाबांनो, देवाला विचारून करा," महाराज म्हणत. "आपण काय करतो? आधी आपल्या डोक्यानं करून बसतो. मग अंगाशी आलं, की हाक मारतो, प्रभू, निस्तर आता! अरे, त्याला काय आपली खरकटी काढायला ठेवलाय? आधी विचारा की!" एवढे बोलून ते स्वतःच खदखदून हसत. हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ येई, आणि तो त्यांचा खोकला साऱ्या वस्तीच्या ओळखीचा झाला होता.

याच वस्तीत लाजरस नावाचा एक साधा माणूस होता. गाढवावर चुनखडी लादून भट्टीवर नेऊन टाकायची, हा त्याचा धंदा. गाढवीचे नाव गवरी. लाजरस असा भोळा, की त्याने कधी कुणाला फसवले नाही, आणि ज्याने त्याला फसवले नाही असा माणूस पंचक्रोशीत सापडला नसता. एकदा तो महाराजांच्या पायाशी बसून रडकुंडीला येऊन म्हणाला, "महाराज, मला अक्कल नाही हो. सगळे म्हणतात."

"मग बरंच झालं," महाराज म्हणाले. "तुला दुसऱ्याकडून घ्यायला लाज वाटायची नाही. देवाकडं मागत जा. तो द्यायला कंजूष नाही, आणि कालच दिली होती ना, असं म्हणून टोमणाही मारत नाही."

झाले! त्या दिवसापासून लाजरसाने महाराजांचा शब्द असा घट्ट धरला, की लोकांना करमणूकच झाली. गवरीला कोणत्या ओढ्यावर पाजायचे, कुणाचे काम घ्यायचे, कुणाचे सोडायचे, सगळे तो देवाला विचारी. रस्त्याला फाटा फुटला की गुडघे टेकी, टोपी काढून डोळे मिटी आणि मग उठून चालू लागे. पाणवठ्यावर बायका पदर तोंडाला लावून हसत. "लाजरसभाऊ, आज भाजीत मीठ घालू का, तेवढं विचारून सांगता का?" तोही हसून म्हणे, "वहिनी, ते तुम्हीच विचारा. मीठ तुमचं, तोंड तुमचं."

पण या सगळ्यांत त्याची खरी टर उडवायचा तो त्याचा मेव्हणा शिमोन. लाजरसाच्या बायकोचा, रिबकाचा, हा थोरला भाऊ. सोलापूरच्या एका गिरणीत मुकादम होता आणि सुट्टी मिळाली की बहिणीकडे येऊन राही. डोक्याला फेटा, साखळीचे घड्याळ, चकचकीत बूट, बगलेत छत्री. देवावर त्याचा विश्वास नव्हता असे नाही हं! रविवारी तो सर्वांच्या पुढच्या बाकावर बसे आणि सर्वांत मोठ्याने गाई. पण देवळाची पायरी उतरला, की त्याचे म्हणणे ठरलेले असे. "देवाचं देवापाशी, व्यवहाराचं व्यवहारापाशी. देवानं डोकं दिलंय ते काय फेटा बांधायला?"

आता ऐका. लाजरसाला एकुलती एक मुलगी होती, सालोमी. तिचे लग्न देवळखडी गावच्या मुलाशी ठरले होते. मुलगा सालस होता आणि सालोमीला तो मनापासून आवडला होता. एकदा तारीख ठरून मोडली होती, कारण रिबका तापाने पडली. तेव्हाच वरबाप कपाळाला आठ्या घालून म्हणाला होता, "ठीक आहे. पण आणखी एकदा लांबलं, तर आम्हाला दुसरीकडं बघावं लागेल." नवी तारीख ठरली ती उपासकाळ सुरू व्हायच्या आदल्या दिवसाची. उपासकाळ लागला की ईस्टरपर्यंत त्या देवळात लग्न लागत नसे. पाद्रीसाहेब परगावाहून टांग्याने येणार, लग्न लावणार आणि दिवस मावळायच्या आत पुढच्या गावी जाणार होते. म्हणजे पाद्रीसाहेब निघून जायच्या आत नवरी पोहोचलीच पाहिजे. नाही पोहोचली, तर पोरीचे लग्न मोडलेच म्हणायचे. या काळजीने लाजरसाच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

लग्नाच्या दिवशी सकाळी सगळे वऱ्हाड महाराजांच्या झोपडीपुढे आशीर्वादाला थांबले. सालोमी पाया पडली. महाराजांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. लाजरस हात जोडून म्हणाला, "महाराज, तुम्हीही चला ना."

"माझे गुडघे चालायचे राहिले नाहीत, फक्त टेकायला उरलेत," महाराज म्हणाले. "मी इथंच बसतो आणि तुमच्यासाठी मागतो. तू एवढं कर. बाभळीच्या फाट्यावर थांब. नेहमीसारखं विचार. आणि उत्तर येईल तसं जा, कितीही घाई असली तरी."

शिमोनमामाने घड्याळ काढून सगळ्यांना दिसेल असे धरले. "महाराज, फाट्यावर काय विचारायचंय? खिंडीची वाट जवळची, ओढ्याकाठची लांबची. हे आमच्या गिरणीतलं मांजरसुद्धा सांगेल!"

ताशेवाले फिदीफिदी हसले. लाजरसाने मान खाली घातली. महाराज मात्र जराही रागावले नाहीत. "मांजराला जवळची वाट कळते, शिमोन," ते म्हणाले. "बरोबर वाट कळते का, ते मला ठाऊक नाही." आणि त्यांना खोकल्याची उबळ आली.

वऱ्हाड निघाले. पुढे ताशेवाले, मागे पाहुणे, मध्ये नवरी आणि सगळ्यांत शेवटी पाठीवर सालोमीची पत्र्याची पेटी घेतलेली गवरी. बाभळीचा फाटा आला. डावीकडे डोंगराच्या खिंडीतून जाणारी पायवाट, उजवीकडे ओढ्याकाठाने वळणे घेत जाणारी गाडीवाट. लाजरसाने टोपी काढली, धुळीत गुडघे टेकले आणि डोळे मिटले.

खरे सांगायचे तर त्या दिवशी त्यालाही डावीकडेच जायचे होते. त्यालाही ऊन दिसत होते, त्यालाही वरबापाच्या आठ्या आठवत होत्या. "प्रभू, डावीकडून जाऊ ना?" असेच त्याने विचारले. पण मनात उमटले ते उजवीकडे. आवाज नाही, प्रकाश नाही. घरातले वडील माणूस मान हलवून नको म्हणते, तेवढेच. त्याला वाटले आपली ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारले, तर तेच उमटले. तिसऱ्यांदा विचारायची मात्र त्याला लाज वाटली.

"उजवीकडून जायचं," तो उठून हळूच म्हणाला.

"काय?" शिमोनमामा ओरडला. "दाजी, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? ओढ्याकाठानं गेलो तर दिवस कलेल! पाद्रीसाहेब निघून जातील! पोरीचं वाटोळं करायला निघालात का?"

"विचारलं मी. दोनदा विचारलं."

"मग तिसऱ्यांदा मला विचारा! मी घड्याळाकडं बघून सांगतो!"

लाजरसाच्या डोळ्यांत पाणी तरारले. पण तो म्हणाला, "शिमोनराव, तुमच्याइतकी अक्कल मला असती तर मी तुमच्या मागनं आलो असतो. मला नाही. म्हणून मला त्याच्याच मागनं जाऊ द्या."

सगळे सालोमीकडे पाहू लागले. लग्न तिचे होते. ती क्षणभर घुटमळली. मग तिने पेटीवरची धूळ पदराने पुसली आणि गवरीची दोरी हातात घेतली. "मामा, तुम्ही रागावू नका. आबांनी देवाला विचारल्याशिवाय मला शाळेतसुद्धा घातलं नाही. आज तरी मी त्यांची वाट कशी सोडू?"

"आणि तू गं?" शिमोनमामाने बहिणीला विचारले.

रिबका कपाळावर हात मारून म्हणाली, "मला काय विचारतोस दादा! या माणसाशी संसार केलाय. लांबच्या वाटेचीच सवय झालीय मला." आणि पुटपुटत का होईना, ती नवऱ्याच्या मागे निघाली.

"जा!" शिमोनमामा म्हणाला. "मी पुढं जाऊन पाद्रीसाहेबांना थोपवून धरतो. तुमच्या देवाला सांगा, शिमोन होता म्हणून निभावलं!" सारे पाहुणे आणि ताशेवाले त्याच्या मागून खिंडीकडे वळले. गाडीवाटेला राहिली ती नवरी, तिचे आईबाप आणि गवरी. असले वऱ्हाड कुणी पाहिले असेल का!

ओढ्याकाठची वाट सरता सरेना. ऊन रणरणत होते. रिबका दर वळणावर म्हणे, "अहो, अजून किती?" आणि लाजरस दर वळणावर म्हणे, "आलंच." सूर्य डोक्यावरून ढळला. आता मात्र लाजरसाचा धीर सुटला. तो मनात म्हणाला, 'प्रभू, मला हसतात त्याचं काही नाही रे. पण माझ्या पोरीला हसू देऊ नकोस. मी चुकलो असेन तर मला शिक्षा कर, तिला नको.' चालता चालता तो टोपीने डोळे पुसू लागला. पुढे बघितलेच नाही म्हणून तो एकदम थांबलेल्या गवरीवर जाऊन आपटला.

वळणापलीकडे, वडाच्या सावलीत, एक टांगा एका बाजूला कलंडून पडला होता. त्याचे चाक निखळून ओढ्यात गेले होते. शेजारी दगडावर एक पांढऱ्या झग्यातले गृहस्थ बसले होते. एक पाय सुजून भोपळा झालेला, चष्म्यावर धूळ आणि ओठांत प्रार्थना. ते पाद्रीसाहेब होते!

"पाद्रीसाहेब? तुम्ही इथं?" लाजरस धावत पुढे झाला.

"टांगा खिंडीतून जात नाही ना, म्हणून या वाटेनं आलो, तर हे असं झालं," पाद्रीसाहेब म्हणाले. "टांगेवाला सुतार शोधायला गेला तो अजून येतोच आहे. सकाळपासून देवाला विनवतोय, कुणाला तरी या वाटेनं पाठव! एक चिटपाखरू फिरकलं नाही. तुम्ही या वाटेनं कसे आलात? सगळे तर खिंडीतून जातात."

लाजरस मटकन खाली बसला. त्याला रडू आवरेना आणि हसूही आवरेना. रिबका मात्र झटकन भानावर आली. "रडताय काय! पेटी घ्या डोक्यावर, आणि साहेबांना बसवा गवरीवर!"

पाद्रीसाहेब जन्मात कधी गाढवावर बसले नव्हते. आधी डावीकडे घसरले, मग उजवीकडे, मग त्यांनी गवरीची मान मिठीत घेतली. तेव्हा सालोमी, हो, नवरी मुलगी, एवढी हसली की तिला खाली बसावे लागले. पाद्रीसाहेबही हसून म्हणाले, "हसा, हसा! आमच्या प्रभूनंही गाढवावर बसून जायला कमीपणा मानला नव्हता."

देवळखडीच्या देवळापुढे वरबाप येरझारा घालत होता. पाद्री नाहीत, नवरी नाही, वऱ्हाड नाही. पाहुण्यांत कुजबुज चालली होती. नवरा मुलगा बिचारा दाराला टेकून वाटेकडे डोळे लावून उभा होता. "पुरे झालं, आता जेवणं उरका," असे वरबाप म्हणतो न म्हणतो, तोच गाडीवाटेवर धूळ उडाली. आणि धुळीतून कोण आले? गाढवावर पाद्रीसाहेब, दोरी धरून नवरी, डोक्यावर पेटी घेऊन तिचा बाप आणि मागून चप्पल हातात घेतलेली तिची आई! वरबापाच्या कपाळावरच्या आठ्या कुठल्या कुठे गेल्या. तो धावत पुढे आला आणि त्याने लाजरसाच्या डोक्यावरची पेटी आपल्या हातांनी उतरवून घेतली. दिवस मावळायला आला होता, पण मावळला नव्हता. लग्न लागले. आनंदीआनंद झाला.

पण शिमोनमामा कुठे होता?

पंगत बसली तेव्हा तो आला. फेटा नाही, छत्री नाही, एका पायात बूट. आणि तोंड! एक डोळा पार मिटलेला, ओठ पुरीसारखे फुगलेले. मागून ताशेवाले कण्हत होते. झाले होते असे, की खिंडीच्या कड्याला आग्यामोहोळ लटकलेले होते. त्या वाटेने जाणारे लोक तिथून पाय न वाजवता जात. शिमोनमामाने मात्र ऐटीत सांगितले, "वाजवा रे जोरात! देवळखडीला कळू दे, शिमोन आला!" आणि वर विडी पेटवली. ताशांचा कडकडाट झाला, विडीचा धूर वर चढला आणि मोहोळ उठले. पळता भुई थोडी झाली. बाकीचे चार-दोन डंखांवर मागे फिरून सुटले, पण शिमोनमामा ठेचकाळून पडला, आणि माश्यांनी त्याला घेरले.

"रिबका," तो बहिणीचा हात धरून सांगू लागला, "माझं सगळं शहाणपण तिथं संपलं गं. पुढं पळू का मागं, तेही कळेना. तेव्हा मी ओरडलो, प्रभू, आता तूच सांग! जन्मात पहिल्यांदा विचारलं मी. आणि तेवढ्यात कुणीतरी माझ्या अंगावर घोंगडं टाकलं. मला छातीशी धरलं आणि खिंडीच्या तोंडापर्यंत आणून सोडलं. वर बघितलं तोवर माणूसही नाही आणि घोंगडंही नाही. पण रिबका, मला आणताना तो खोकत होता. तो खोकला मी ओळखतो."

दुसऱ्या दिवशी पळसगव्हाणला पोहोचताच शिमोनमामा घरी गेला नाही. तो तडक महाराजांच्या झोपडीकडे निघाला आणि त्याच्या मागून लाजरस, रिबका आणि अर्धी वस्ती. महाराज दारात ऊन खात बसले होते.

"महाराज, काल तुम्ही खिंडीत आला होता!"

"मी?" महाराज चकित झाले. "अरे, मी या झोपडीतून हाललो नाही."

त्यांना भाकरी आणून देणारी दगडाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हाललेच नाहीत! सकाळपासून दिवेलागणीपर्यंत गुडघ्यांवर. ताटातलं कालवण गार झालं, भाकरीचा पापड झाला, तरी उठले नाहीत. मी इथंच बसून होते ना कटकट करत!"

"मग ते घोंगडं?" शिमोनमामा म्हणाला आणि सरळ आत शिरला. घोंगडे खुंटीलाच होते. त्याने ते काढून उजेडात आणले. सगळ्यांनी माना पुढे केल्या. त्या जुन्या लोकरीत जागोजागी आग्यामाश्या अडकून मेलेल्या होत्या.

महाराज काठी टेकत पुढे आले. त्यांनी त्या घोंगड्याला हात लावला, आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागले.

"त्यानं माझं घोंगडं वापरलं!" महाराज म्हणाले. "अरे बघा, बघा! एवढं आभाळ ज्याचं, त्यानं या गरिबाचं फाटकं घोंगडं वापरलं! आणि मला पत्तासुद्धा लागू दिला नाही!" ते हसू लागले, रडू लागले आणि मग नेहमीसारखे खोकू लागले.

शिमोनमामाने महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. "महाराज, मी तुम्हाला हसलो. दाजींना हसलो. मला वाटायचं, देवाला विचारतात ते ज्यांना स्वतःचं काही कळत नाही ते."

महाराजांनी त्याला उठवले. "हसलास ते बरं केलंस, आम्हालाही जरा हसायला मिळालं. डोकं वापरू नको असं कोण म्हणतं, शिमोन? ते त्यानंच दिलंय. पण ज्यानं दिलं त्याला विचारून वापर. आणि माझ्या पायांवर नको. मी काल जागचा हाललोसुद्धा नाही. तिकडं जा." महाराजांनी लाजरसाकडे बोट दाखवले.

लाजरस गवरीच्या आड लपू पाहत होता. शिमोनमामा त्याच्यापुढे येऊन उभा राहिला. एकच डोळा उघडा होता, पण त्यातूनही पाणी गळत होते.

"दाजी," तो म्हणाला, "विचारायचं कसं असतं, ते मला शिकवा."

लाजरस गडबडला. "अहो शिमोनराव, मला कुठं काय येतं? टोपी काढायची. गुडघे टेकायचे. एवढंच येतं मला."

शिमोनमामाने डोक्याला हात लावला. फेटा तर कालच खिंडीत गेला होता, काढायला काही उरले नव्हते. तेव्हा तो तसाच, साऱ्या वस्तीदेखत, गवरीच्या खुरांपाशी धुळीत गुडघे टेकून बसला. लाजरस त्याच्या शेजारी टेकला. शिमोनमामाने मान खाली घातली, आणि पुढच्या बाकावर बसून सर्वांत मोठ्याने गाणाऱ्या त्या माणसाने अगदी हळू आवाजात विचारले, "प्रभू, आता कोणीकडं जाऊ?"

महाराजांनी ते घोंगडे उचलले आणि दोघांच्याही खांद्यांवर पांघरले.